पंचांगातलं गिऱ्हाईक

मराठी दुकानदाराला माल पारखता येतो, बेरीज तोंडी करता येते, उधारी कोणाची बुडणार हे गिऱ्हाईक पायरी चढतानाच कळतं. फक्त ‘या’ म्हणता येत नाही. शेजारच्या दुकानात ‘आओ बहनजी, देखने का पैसा नहीं’ असा गजर चाललेला असतो, तेव्हा हा गल्ल्यामागे बसून पेपरातला अग्रलेख वाचत असतो. गरज असेल तर येतील, हा त्याचा बाणा. आलेच तर ‘काय हवंय?’ असं तो अशा सुरात विचारतो, की गिऱ्हाइकाला आपण चुकून कोणाच्या तरी घरात शिरलो असं वाटावं.

अशा माणसाने जाहिरात करायची कशी? ‘आमच्याकडे या हो, आमचा माल घ्या हो’ असं चारचौघांत ओरडणं म्हणजे त्याच्या लेखी हात पसरणंच. या पेचातून त्याला सोडवलं ते पंचांगाने. तो आता गिऱ्हाइकाला बोलावत नाही, शुभेच्छा देतो. वर दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा, मध्ये आपट्याचं पान, खाली दुकानाचं नाव, सगळ्यांत मोठ्या आकड्यांत मोबाईल नंबर आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘घरपोच सेवा’. शुभेच्छा कोणी नाकारत नाही. त्यामुळे मान शाबूत राहतो आणि नंबरही पोचतो.

ही युक्ती आजची नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतींवर जाऊन बसल्या. देवीचं चित्र कोणी फाडून टाकत नाही, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात यायला कितीसा वेळ लागणार? पुढची कित्येक वर्षं वर लक्ष्मी, खाली तारखा आणि मधल्या पट्टीत पेढीचं नाव, अशी कॅलेंडरं गिऱ्हाइकांना फुकट मिळत राहिली. ती स्वयंपाकघरात लागायची. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीचा पगार, सगळं त्या चौकोनांत. खिळा गिऱ्हाइकाचा, हातोडी गिऱ्हाइकाची, भिंत गिऱ्हाइकाची आणि जाहिरात वाण्याची, तीही वर्षभर. इतका किफायतशीर करार पुढे कोणत्याही जाहिरात कंपनीला जमलेला नाही.

मग १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढलं आणि लोक चक्क पैसे मोजून कॅलेंडर विकत घ्यायला लागले. तिथी, मुहूर्त, उपास, आणि पान उलटलं की पाककृती. वाण्याची लक्ष्मी आधी स्वयंपाकघरातून दारामागे गेली आणि दारामागून माळ्यावर. पण वाणी खमके. त्यांनी ‘कालनिर्णय’चेच गठ्ठे घेतले आणि तळाशी आपल्या नावाची पट्टी छापून वाटले. पट्टी दिसू नये म्हणून ती कात्रीने कापून कॅलेंडर लावणारी गिऱ्हाइकंही मी पाहिली आहेत. ती बहुधा उधारीवाली असावीत.

दिवाळी अंकांचंही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळाबरोबर वाचनाची सवय लागली. त्या सवयीच्या खर्चाचा मोठा वाटा शुभेच्छांच्या जाहिराती उचलतात. पानभर जागा, मध्ये एक पणती, ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली एक आडनाव आणि ‘आणि कंपनी’. काय विकतात ते लिहिलेलं नसतं. असं एक नाव मी दर दिवाळीला न चुकता वाचतो. ते पंप विकतात की पापड, हे मला आजतागायत समजलेलं नाही. संपादक ओळखीचा होता, एवढंच त्या पानावरून सिद्ध होतं.

आता हे सगळं सणावारांपुरतं होतं तोवर ठीक होतं. सण मोजके असतात. मुहूर्त तर साडेतीनच, आणि त्यातला अर्धा कुठला यावरही लोक वाद घालतात. पण मोबाईल आला आणि रोज कुठला ना कुठला दिवस उगवायला लागला.

डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं एक जुनं दुकान आहे. दुकानदारांना सगळे काका म्हणतात. त्यांचा पुतण्या डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करून आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, “काका, आपला प्रेझेन्सच नाही.”

“म्हणजे काय? सकाळी दहापासून मी इथेच तर बसलेला असतो.”

“तसा नाही हो. ऑनलाइन.”

पुतण्याने मोबाईलवर एक ॲप उतरवून घेतलं. अशी ॲपं आता शेकड्यांनी आहेत. एकदा दुकानाचं नाव, पत्ता, नंबर आणि मालकाचा फोटो भरून ठेवला की रोज सकाळी त्या दिवसाचं पोस्टर तयार होऊन हजर. आपण फक्त पुढे ढकलायचं. दुकानासमोर उभं राहून काढलेला एकही बरा फोटो काकांकडे नव्हता, म्हणून पुतण्याने त्यांचा लग्नाच्या स्वागत समारंभातला, सुटातला, हसरा फोटो कापून त्यात बसवला.

त्या दिवसापासून काका गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलमध्ये सुटात हसायला लागले. १५ सप्टेंबरला विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला त्यांनी अभियंत्यांना शुभेच्छा दिल्या. २९ सप्टेंबरला हृदय दिन, काका हसताहेत. १ ऑक्टोबरला कॉफी दिन, काका हसताहेत. पुढे १९ नोव्हेंबर उजाडला. हा जागतिक शौचालय दिन. थट्टेचा विषय नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली त्याला मान्यता दिली आहे आणि त्यामागचा प्रश्न गंभीर आहे. पण पोस्टरच्या डाव्या बाजूला पांढराशुभ्र कमोड, उजव्या बाजूला सुटातले काका आणि खाली दुकानाचं कायमचं ब्रीद: ‘स्वच्छ दिसेल, खात्रीने!’ असं ते चित्र सोसायटीच्या ग्रुपवर आलं, तेव्हा काकूंनी दिवसभर फोन उचलला नाही.

ॲपचा एक मोठा दोष असा, की त्याला सुतक कळत नाही. त्याला सगळे दिवस सारखेच. त्यामुळे गुड फ्रायडेला ‘हॅपी’ म्हणणारे टायरवाले आणि मोहरमच्या ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारे फर्निचरवाले दरवर्षी निघतात. ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, ‘फक्त आज ३० टक्के सूट’ असा निरोप मला एका कपड्याच्या दुकानाकडून आला होता. त्यात वाईट हेतू नव्हता. तारीख तीस, म्हणून सूट तीस, एवढंच त्यांचं गणित.

हे तारखेचं गणित आता सर्वमान्य झालं आहे. ८ मार्चला महिलांना आठ टक्के, १५ ऑगस्टला पंधरा टक्के, २६ जानेवारीला सव्वीस टक्के. या हिशेबाने महाराष्ट्र दिनाला एक टक्का सूट द्यावी लागते, म्हणूनच की काय, १ मे १९६० ला एवढ्या कष्टाने मिळवलेल्या राज्याच्या वाढदिवसाला दुकानदार नुसत्या शुभेच्छांवर भागवतात. गांधी जयंतीला दोन टक्के. ३१ डिसेंबर मात्र थोर तारीख. काकांच्या पुतण्यालाही ३१ तारखेला ३१ टक्के सूट द्यायची होती. काका म्हणाले, “दे. पण आधी फ्रेमांवरच्या किमतींच्या चिठ्ठ्या बदल.” पोराला कोर्समध्ये हे शिकवलं नव्हतं.

महिला दिनाबद्दल दोन शब्द वेगळे. कामगार स्त्रियांच्या चळवळीतून निघालेला हा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो १९७५ पासून साजरा करायला सुरुवात केली. आमच्याकडे तो दिवस ब्यूटी पार्लर, साडीची दुकानं आणि कढया विकणाऱ्यांनी आपसांत वाटून घेतला आहे. ‘तिच्या कर्तृत्वाला सलाम’ असं लिहून खाली नॉनस्टिक तव्याचं चित्र. कर्तृत्व कुठे गाजवायचं हेही त्यात सुचवलेलं आहे.

मदर्स डेची गोष्ट याहून कडू. अमेरिकेत ॲना जार्व्हिस नावाच्या बाईंनी आईच्या आठवणीसाठी १९०८ साली हा दिवस सुरू केला, आणि १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी त्याला राष्ट्रीय मान्यता दिली. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रं छापणारे त्यावर असे तुटून पडले, की बाईंनी उरलेलं आयुष्य स्वतःच सुरू केलेल्या दिवसाचा बाजार थांबवण्यासाठी भांडण्यात घालवलं. १९४८ साली त्या गेल्या. फुलवाले अजून आहेत.

तरीही दिवसाला धरून धंदा करणं मुळात वाईट असं मी म्हणणार नाही. या विद्येचा एक आद्यगुरू जपानमध्ये होऊन गेला. अठराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये, हिरागा गेन्नाई नावाचा एक विद्वान होता. वनस्पती, वीज, नाटक, सगळ्यांत त्याचं नाक. अशी कथा सांगतात, की एक वाम माशांचा दुकानदार त्याच्याकडे रडत आला: उन्हाळ्यात माझे चरबीचे मासे कोणी खात नाही, काय करू? गेन्नाईने त्याला पाटी लिहून दिली: ‘आज बैलाचा दिवस.’ जपानी पंचांगात बारा प्राण्यांचे दिवस आळीपाळीने येतात, त्यातला तो एक. बस, एवढंच. ना सूट, ना फोन नंबर. लोक थांबले, वाचलं, ‘अरे, आज बैलाचा दिवस का? मग वाम खायला हवी असेल,’ असं आपल्याच मनाशी म्हणाले आणि आत शिरले. आजही जपानी लोक ऐन उन्हाळ्यात त्या दिवशी वाम खातात. गेन्नाईने हे खरोखर केलं की नाही, यावर इतिहासकार खुशाल भांडोत. पाटी मात्र अव्वल होती.

आपल्याकडे या तोडीची एकच कामगिरी झाली, ती नवरात्रातल्या रंगांची. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’ने ही कल्पना उचलून धरली: नवरात्रात रोज एक रंग, त्या रंगाच्या साडीतल्या बायकांचे फोटो पाठवा, आम्ही छापू. त्याआधी कोणाच्या आजीने नवरात्रात बुधवार आहे म्हणून निळं नेसल्याचं ऐकिवात नाही. रंगांचा क्रमही झकास सोपा. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा; सात वार संपले की उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी असं काहीतरी. घट कुठल्या वारी बसतात त्यावर सुरुवात ठरते. धर्मशास्त्रात याला आधार नाही, पण ७:५२च्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्याला याहून मोठा आधार लागत नाही. सगळा डबा एका रंगाचा झाला की उरलेली एखादी स्वतःच दादर येईपर्यंत अंग चोरून उभी राहते, आणि संध्याकाळी दुकान गाठते.

यातली गंमत दुकानदारांनाच ठाऊक. लाल, हिरवी, पिवळी साडी प्रत्येकीकडे असतेच. पण करडी? आयुष्यभर कोणी हौसेने करडी साडी घेतलेली नसते. आमच्या ओळखीचे एक साडीवाले सांगतात, की पूर्वी करडा माल आला की तो सेलच्या ढिगात जायचा. आता नवरात्राआधी तो काचेत पुतळ्याच्या अंगावर असतो आणि भाव विचारला तर ते आधी वार कुठला ते सांगतात. त्यांच्या समोरच फॉल-पिको करणाऱ्या बाई आहेत. त्यांनी एक पैशाची जाहिरात न करता त्या आठवड्यात रात्री बारापर्यंत मशीन चालवलं. त्यांना नवरात्राबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “देवीची कृपा आहे, पण मान अवघडते.”

डोंबिवलीला दिवस घडवण्याची खोड जुनी आहे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा गेल्या शतकाच्या अखेरीस इथल्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली, आणि बघता बघता ठाणे, गिरगाव करत ती गावोगाव गेली. आता पाडव्याच्या पहाटे फडके रोडवर नऊवारी, फेटे, लेझीम आणि ढोल यांची एवढी दाटी होते, की चालणाऱ्याला आपले पाय आपलेच आहेत याची खात्री करावी लागते. त्या वाटेवरच्या दुकानदारांनी काय केलं? पन्हं ठेवलं. सरबत ठेवलं. ताक ठेवलं. टेबलामागे दुकानाचा फलक. सकाळी साडेआठला चैत्रातलं ऊन चढायला लागतं, तेव्हा पन्ह्याचा पेला हातात देणाऱ्या माणसाचं नाव कोणी विसरत नाही. मी एका वर्षी जिथे ताक प्यायलो, तिथूनच पुढच्या महिन्यात पंखा घेतला. पंखा महाग पडला, पण ताक चांगलं होतं.

उलट, ज्यांच्या धंद्याचा दिवस जगभर साजरा होतो, त्यांना त्याचं काहीच नसतं. चहाचे दोन दिवस आहेत: चहा पिकवणारे देश १५ डिसेंबरला पाळत आले, आणि संयुक्त राष्ट्रांनी २१ मे ठरवला. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “इथे तर रोजच असतो. कटिंग की फुल?” ३० मार्चला इडली दिन असतो हे उडप्याला माहीत आहे, त्याने पाटीही लावली होती, पण ती सांबाराच्या वाफेने पहिल्या तासात गळून पडली आणि कोणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

चिमणी दिनाचं मात्र मला कौतुक वाटतं. २० मार्चचा हा दिवस नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमण्या वाचवण्यासाठी सुरू केला आणि २०१० पासून तो जगात पाळला जातो. आमच्याकडच्या एका हार्डवेअरवाल्याने त्या दिवशी चिमण्यांना शुभेच्छा दिल्या नाहीत. दुकानात पडून असलेल्या प्लायवूडच्या तुकड्यांची घरटी ठोकून घेतली आणि किलोभर खिळे किंवा लिटरभर रंग घेणाऱ्याला एक घरटं दिलं. त्याच्याकडचा भंगारमाल संपला, लोकांच्या खिडक्यांत घरटी लागली. चिमण्यांनी अजून विचार पक्का केलेला नाही. सध्या एकात कबुतराने डोकं घालून पाहिलं आहे.

मतदानाचा दिवसही हल्ली पंचांगात धरतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, तेव्हा ‘बोटावरची शाई दाखवा आणि सवलत मिळवा’ असे फलक हॉटेलांपासून सलूनपर्यंत लागले होते. ही न पुसणारी शाई म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. शाई कित्येक दिवस जात नाही आणि सवलत एकच दिवस, या फरकावरून आमच्या सलूनमध्ये चौथ्या दिवशी एका मतदाराने जो युक्तिवाद केला, तो ऐकून न्हाव्याने त्याला निवडणुकीलाच उभं राहायचा सल्ला दिला.

या सगळ्यात खरा कस लागतो तो पितृपक्षात. भाद्रपदाचा कृष्ण पक्ष आला की सराफ जांभया देतात, कपडेवाले माल लावून घेतात, गाड्यांच्या शोरूममधली मुलं एकमेकांना टेस्ट ड्राइव्ह देतात. ॲपमध्येही या पंधरवड्यासाठी हसऱ्या पोस्टरांचा तुटवडा पडतो; पितरांना हार्दिक शुभेच्छा देण्याइतकं धाडस अजून कोणी केलेलं नाही. गवार, भोपळा, अळू आणि केळीची पानं विकणारे तेवढे खुशीत असतात, आणि ‘श्राद्धाचा स्वयंपाक करून मिळेल’ अशी पाटी लावणाऱ्या बायका. त्यांना वडे-खीर पुरवता पुरवता श्वास घ्यायला फुरसत नसते.

याच पंधरवड्यात काकांनी पुतण्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला. ग्रुपवरून त्यांना तिघांनी विचारलं होतं, की तुम्ही कुठल्या पक्षाकडून उभे राहताय. सुटातलं ते रोजचं हसू पाहून लोकांची तशी समजूत झाली होती. काका म्हणाले, “पुरे. आपला दिवस कुठला ते मी सांगतो.”

“वर्ल्ड साइट डे आहे ना काका, ऑक्टोबरचा दुसरा गुरुवार.”

“तो डॉक्टरांचा. ते तपासतात. आपल्या हाताला काम कुठल्या दिवशी?”

पुतण्याला सांगता येईना. काकांनी जुन्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या अक्षरात पाटी लिहिली आणि दुकानाबाहेर टांगली:

‘खंडेनवमी. शस्त्रं काढा, पुसा, पूजा करा. ज्यांचं शस्त्र चष्मा, त्यांनी तो घेऊन यावं. स्क्रू घट्ट करून, नाकाच्या पॅड बदलून, धुऊन देऊ. पैसे नाहीत.’

खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांना हार घालतात, रिक्षांना झेंडूच्या माळा चढतात. पण चष्म्याकडे शस्त्र म्हणून कोणी पाहिलं नव्हतं, आणि डोंबिवलीतल्या निवृत्त मंडळींना तर ते फारच पटलं. आयुष्यभर मंत्रालयात, बँकेत, रेल्वेच्या कचेरीत त्यांनी जी काही लढाई केली, ती चष्म्यातूनच. सकाळी दहाला दुकान उघडायच्या आधीच पायरीवर रांग. कोणाच्या काडीला दोरा बांधलेला, कोणाच्या पॅडा हिरव्या पडलेल्या, एकाने तर फेविक्विकने चष्मा कायमचा उघडा करून ठेवलेला. तो रात्री ते कपाटाच्या खुंटीला अडकवत असत. चष्मे आत धुवायला गेले, की ही सगळी मंडळी बाकावर आंधळेपणाने एकमेकांकडे बघत बसायची आणि आवाजावरून ओळखी काढायची. “तुम्ही सी.एस.टी.ला अकाउंट्सला होता का?” “हो. आपण?” चहा टपरीवरून काकांनी मागवला. एक आजोबा चष्मा परत डोळ्यांवर चढवून दुकानभर बघत म्हणाले, “अहो, तुमच्या भिंतीचा रंग हिरवा आहे? मी वीस वर्षं निळा समजत होतो.” मग त्यांना आपला नंबर बदललाय असा संशय आला, आणि ते स्वतःहून तपासणीच्या खुर्चीत जाऊन बसले.

त्या दिवशी काकांनी कोणालाही ‘घ्या’ म्हटलं नाही. मेहनत पोराची आणि मशीनची, पॅडांना खर्च किरकोळ. पण बाकावर बसल्या बसल्या समोरच्या फ्रेमा दिसतात, आणि बरोबर आलेल्या सुना-नातवंडांना तर फारच दिसतात. पुतण्याने रात्री हिशेब लावला तेव्हा कोर्सची फी एवढी का घेतली असेल असा विचार त्याच्या चेहऱ्यावर होता. पाटीचा फोटो काढून त्यानेच तो ग्रुपवर टाकला, आणि ॲप मोबाईलमधून काढून टाकलं. सुटातला फोटो काकूंनी परत अल्बममध्ये लावून ठेवला आहे.

माझं मत विचाराल, तर ज्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तारखेपेक्षा तिथीने जास्त चालतं, त्याने जागतिक दिनांच्या मागे धावण्यात काही हशील नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात वाण म्हणून वाटलेल्या डब्यावर दुकानाचं नाव असेल, तर तो डबा पुढची पाच वर्षं साखरेसाठी रोज उघडला जातो. एवढं कुठल्याही पोस्टरला साधत नाही. शिवजयंती तर सरकारी तारखेने १९ फेब्रुवारीला आणि तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला, अशी दोनदा येते. फ्लेक्सवाले दोन्ही मतांचा सारखाच आदर करतात. आणि ॲपवाल्यांच्या यादीत सहसा नसलेला सगळ्यांत मोठा हंगाम म्हणजे अधिक महिना. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो. जावयाला बोलावतात, तेहतीस अनारसे देतात, चांदीचं ताट नाहीतर निदान वाटी देतात, आणि जावई त्या महिन्यापुरता विष्णू होतो. मिठाईवाले, सराफ, कपडेवाले, सगळ्यांना त्यात हात मारता येतो. चष्मेवाल्यांनाही येईल: जावयाला गॉगल द्यायला शास्त्राची हरकत नसावी.

२०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यानंतरचा अधिक महिना थेट २०२९ साली, चैत्रात.